शे, पन देनार नही

आप्पा, तुमच्या कपाटाला मी कुलूप लावलं. कपाट म्हणजे दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकलेलं ते हिरवं लोखंडी कपाट नव्हे. ते अजून तसंच उघडं आहे. तुमच्या निगेटिव्हची पाकिटं गावागावांप्रमाणे लावलेली आहेत आणि डाव्या दाराची कडी तशीच लोंबते. मी सांगतेय ते आताच्या कपाटाबद्दल, जे माझ्या तळहातावर मावतं. तुम्ही गेलात तेव्हा दुकानात कॉम्प्युटर नुकता आला होता, आणि सासऱ्याने नव्या सुनेकडे बघावं तसे तुम्ही त्याच्याकडे लांबूनच बघायचात. आता एका लग्नाचे सगळे फोटो आणि सगळं शूटिंग साबणाच्या वडीएवढ्या डिस्कमध्ये राहतं. अशा डिस्का माझ्याकडे ड्रॉवरभर आहेत. प्रत्येकीवर गावाचं नाव चिकटवलंय, तुमच्या पाकिटांवर असायचं तसंच, आणि प्रत्येकीला कुलूप आहे. कुणी उचलून नेली तरी तिच्यातलं एक चित्रसुद्धा त्याला दिसणार नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. म्हणूनच लिहितेय, समोर असतात तर मला मध्येच तोडलं असतंत. लिहायला बसलं की शाळेतली मराठी येते, तेवढी चालवून घ्या. भांडण अहिराणीत झालं तर तुम्हीच जिंकाल.

मी शाळेत असताना मंगळवारच्या बाजारातून एक छोटं पितळी कुलूप आणलं होतं, आठवतं? त्या दिवसांत शाळेतली मोठी मुलं ‘आमचा ग्रुप फोटो शोधतो’ म्हणून कपाटात हात घालायची आणि मुलींचे ओळखपत्राचे फोटो खिशात टाकून न्यायची. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो असाच एसटी स्टँडवरच्या पानटपरीवर निघाला. मी रडले नाही, संतापले, आणि कुलूप आणून कपाटाला घातलं. तुम्ही दुपारी जेवून आलात, कुलूप पाहिलंत, आणि किल्ली मागितली नाहीत. सरळ कडीच उपटलीत. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मला म्हणालात, “कुलूप कसाले लावं? लोकेसनं शे ते. आपलं नही.” मग त्या गिऱ्हाइकाकडे वळून हसलात, जणू पोरीने काही तरी बालिश केलंय. तेव्हापासून ती कडी लोंबतेच आहे. मीही दुरुस्त केली नाही. ती पाहिली की माझा राग ताजा राहतो, आणि मला तो ताजा हवा होता.

तुमचं म्हणणं मला पुढे कळलं, नाही असं नाही. तापीकाठच्या खेड्यांतून माणसं बैलगाडीने, टेम्पोने यायची. कुणाचा बाप गेलेला असायचा, घरात त्याची एकही तसबीर नसायची, आणि कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यात तो उभा असलेला तुमच्या निगेटिव्हमध्ये सापडायचा. तुम्ही भिंगाखाली तो शोधून काढायचात, तेवढाच मोठा करून द्यायचात, आणि त्या माणसाचे डोळे भरून आले की आतल्या खोलीत निघून जायचात. माणसाचं तोंड त्याच्या घरच्यांना बघायला मिळावं, त्यात कुलपाची आडकाठी नको, असं तुमचं साधं गणित होतं. ‘आप्पांच्या कपाटाला कुलूप नाही’ हे गावोगाव तुमचं कौतुक झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते कौतुक तुम्हाला गोड लागायचं. पण कपाट सगळ्यांना उघडं म्हणजे बापाचा फोटो शोधणाऱ्याला उघडं आणि मुलींचे फोटो चोरणाऱ्यालाही उघडं. हे मी तेव्हा बोलले असते तर उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणाला असतात.

आणि ती कोटवाली बाई. तिच्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट, हॅट आणि गॉगल असायचा, पुरुष गिऱ्हाइकांना साहेब करायला. एक दिवस दोन मैत्रिणी आल्या, तापीकाठच्या एका गावातल्या, बाजाराच्या निमित्ताने निघालेल्या. त्यातल्या एकीने विचारलं, “आप्पा, मी घालू का तो कोट?” तुम्ही हो म्हणालात. तिने कोट चढवला, हॅट घातली, गॉगल लावला, नवऱ्यासारखी छाती काढून उभी राहिली आणि इतकी हसली की तुम्हाला पुन्हा पुन्हा ‘हलू नको’ म्हणावं लागलं. मी पडद्यामागून बघत होते. एवढी मोकळी हसणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. कुणी तरी सांगितलं होतं. तो ओरडला नाही, शांतपणे म्हणाला, तिचा फोटो द्या आणि निगेटिव्हही द्या. तुम्ही म्हणालात, रोल अजून धुतला नाही, उद्या या. तो पायऱ्या उतरला आणि तुम्ही मागच्या अंगणात गेलात. रोल डबीतून काढलात आणि उन्हात धरून सरसर ओढलात, शेवटपर्यंत. राखाडी पट्टी तुमच्या पायाशी गोळा होत गेली. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालात, उजेड लागला, रोल खराब झाला. त्याने विश्वास ठेवला. तुम्ही कधी खोटं बोलत नाही हे त्यालाही माहीत होतं.

आई ही गोष्ट सांगताना म्हणायची, तुझ्या बापाने त्या बाईला वाचवलं. हो, वाचवलं. पण काही महिन्यांनी ती बाई पुन्हा आली, हे आईला माहीत नव्हतं. मी तिथे होते. ती काउंटरशी उभी राहून हळूच म्हणाली, “मन्हा फोटू?” तुम्ही तिलाही तेच सांगितलंत, रोल खराब झाला. तिने खुंटीवरच्या कोटाकडे एकदा बघितलं आणि पायऱ्या उतरली. त्याच रोलमध्ये रनाळे गावातल्या एका म्हाताऱ्याचा फोटो होता, त्याच्या नातवाने मुद्दाम आणून काढून घेतलेला, तोही गेला. पुढे त्या म्हाताऱ्याच्या दहाव्याला घरचे तसबीर मागायला आले तेव्हा तुम्ही त्यांनाही उजेडच सांगितलात. आप्पा, तुमच्याकडे दोनच उपाय होते. सगळ्यांना दाखवायचं, नाही तर कुणालाच राहू द्यायचं नाही. जपून ठेवायचं आणि तरी द्यायचं नाही, हा तिसरा उपाय तुमच्या काळात नव्हता म्हणू या. किंवा होता, पितळी होता, मी आणला होता, आणि तुम्ही तो कडीसकट उपटलात.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हा तुम्ही रनाळ्याच्या एका लग्नात भर मांडवात कॅमेऱ्याचा पट्टा तुमच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलात आणि नवरदेवाच्या बापाला सांगितलंत, “आतेपाईन फोटू हाई काढी.” तो माणूस गोंधळला, बाई फोटोग्राफर त्याने पाहिली नव्हती. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि चहा मागवलात, म्हणजे विषय संपला. त्या एका गोष्टीसाठी मी तुमच्यावरचा निम्मा राग सोडला. उरलेला निम्मा ठेवलाय, तो कामाला येतो. आणि बाई असल्याचा धंद्यात फायदाच झाला. हळदीच्या संध्याकाळी पुरुष मंडळी जेवायला बसली की आतल्या बायका दार लावून घेतात. कुणी धोतर नेसते, कुणी टोपी घालते, सासऱ्याची, जावयाची, सरपंचाची सोंगं निघतात, आणि गाणी अशी की दाराबाहेर एक ओळ गेली तर वर्षभर पुरेल. तिथे पुरुष कॅमेरावाला चालत नाही. मला हाताला धरून आत नेतात. बायका म्हणतात, काढ गं सगळं, पण बाहेर जाऊ देऊ नको. पूर्वी मी नुसती हो म्हणायची.

नुसत्या होला किंमत नाही हे मला एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून कळलं. अल्बम छापायला आमची डिस्क सुरतला जाते, कधी गाडीने, कधी कुणाच्या हाती. त्याचा पेनड्राइव्ह असाच वाटेत कुठे तरी पडला, आणि चार दिवसांत एका घरातल्या बायकांचा नाच तालुक्याच्या फोनांवर फिरत होता. त्या घरातली सून महिनाभर विहिरीवर गेली नाही. मी त्या दिवसापासून दुपारी दुकान रिकामं असलं की इंटरनेटवर बघून शिकायला लागले. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते सबंध डिस्कचंच असं काही करतं की आतलं सगळं कुणालाही नुसता कचरा दिसावं, आणि आपण ठरवलेलं परवलीचं वाक्य टाईप केलं तरच तो पुन्हा फोटो व्हावा. वाक्य लांब लागतं, जन्मतारीख आणि देवाचं नाव चालत नाही. आणि एक गंमत सांगते. कुलूप बनवताना ते म्हणतं, आता माउस हातात धरून थोडा वेळ वेडावाकडा फिरवत बसा, जितका वेडावाकडा तितकं कुलूप पक्कं. मी खुर्चीत बसून माउस फिरवते तेव्हा तुम्ही लाल दिव्यात ट्रे हलवत उभे राहायचात ते आठवतं. तुमच्या ट्रेमध्ये माणूस उमटायचा, माझ्या इथे तो मिटतो. वाक्य विसरलं तर मात्र देवही काही करू शकत नाही, तेवढी धास्ती कायम आहे.

आता या वर्षीची गोष्ट. रनाळ्याला एका पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. नवरीची थोरली बहीण विधवा आहे. नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. तिला एक शाळेत जाणारी मुलगी आहे, आणि ती सासरीच राहते, नवऱ्याच्या वाट्याचं शेत स्वतः करते. हळदीला ती दाराशी उभी होती, लांब, जशी विधवेने उभं राहावं अशी अजून आपल्याकडे रीत आहे. दार लागलं तसं तिची चुलत सासू, सत्तरीची म्हातारी, लग्नाला आलेली, तिने वाटीत हात घातला आणि थोरलीच्या दोन्ही गालांना हळद फासली. मग कुणी तरी ढोलकी वाजवली. थोरलीने कुणाचं तरी धोतर नेसलं, टोपी घातली, आणि आपल्याच सासऱ्याची अशी नक्कल केली की ती चुलत सासू हसून हसून खाली बसली. मी सगळं काढलं. कॅमेऱ्याच्या काचेतून मला ती दिसत होती आणि, आप्पा, मला तो कोट दिसत होता.

बातमी दाराबाहेर गेली, ती जायचीच. आठवड्यात थोरलीचा फोन आला. तिच्या दिराने भाऊबंद बोलवायचं ठरवलं होतं. हिची वागणूक बरी नाही, हळद लावून पुरुषाच्या कपड्यात नाचते, हिने माहेरी जावं आणि पोरगी आमची आहे, ती आमच्याकडे राहील, असं तो घरोघर सांगत होता. शेताचं तो तोंडाने काढत नव्हता, पण सगळ्यांना ते ऐकू येत होतं. नुसत्या बोलण्यावर भाऊबंद बसणार नाहीत हे त्याला कळत होतं, म्हणून त्याला व्हिडिओ हवा होता. धोतर, टोपी, हळदीने पिवळं तोंड, भाऊबंदांपुढे फोनवर लावून दाखवायला. मी तिला म्हटलं, सांगत असशील तर आत्ता पुसून टाकते, काही राहणार नाही. ती म्हणाली, “पुसू नको ताई. मी हासी ऱ्हायनी असं तेवढंच एक शे.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “कोनी इचारं ते नही म्हनू नको. शे म्हनीसन सांग. पन देऊ नको.”

दोन-तीन दिवसांनी मी शहाद्याकडे साखरपुड्याला गेले होते. शाळेला सुट्टी म्हणून तुमचा लेक दुकानात बसला होता. तो आता मास्तर आहे, स्वभाव सगळा तुमच्यावर गेलाय, त्यामुळे त्याला दुकानात बसवलं की माझ्या जिवाला घोर असतो. दीर आला. त्याचे वडील तुमच्या ओळखीचे, तुमच्याकडे चहाला येणारे. तो म्हणाला, “वहिनीनी मांगी शे, घरमा दखाडनी शे. आप्पानी कधी कोनले नही म्हनं नही.” बस, एवढंच पुरलं. तुमच्या लेकाने ड्रॉवरमधून रनाळ्याची डिस्क काढली, वर पिशवीही दिली. मी संध्याकाळी आले तर मला सांगतो, “आप्पा व्हतात ते त्यासनी बी दिधी असती.” मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही मेल्यावर इतक्या वर्षांनीही तुमचं कपाट उघडंच होतं, आणि तुमच्या नावाने कुणीही त्यात हात घालू शकत होतं. त्या दिवशी मला तुमचा राग आला, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला.

कुलूप होतं ना? होतं. मला माहीत होतं की होतं. रनाळ्याहून आल्या रात्रीच मी ते घातलं होतं, माउस फिरवत बसले होते, वाक्य दोनदा टाईप केलं होतं. दुसरी प्रतही तशीच कुलूपबंद करून घरी कळण्याच्या पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. तरी घाईत एखादी क्लिप बाहेर राहिली असेल तर? मी चुकून जुनी डिस्क वापरली असेल तर? माझ्या एका चुकीवर एका बाईचं घर आणि तिची मुलगी होती. पुढचे दोन दिवस फोन वाजला की आधी नाव बघायची आणि मग श्वास सोडायची. थोरलीला मी सांगून टाकलं होतं, डिस्क त्याच्या हातात आहे. ती फक्त म्हणाली, “कुलूप शे ना?” मी म्हटलं, शे. “मंग ऱ्हाऊ दे,” म्हणाली. तिचा माझ्या कुलपावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

दीर परत आला तो तावातावानेच. डिस्क काउंटरवर आपटली. म्हणाला, तुम्ही बहीणभावाने मला कोरी डिस्क दिली, मला मूर्ख बनवता काय. मी विचारलं, कुठे लावली होती. त्याने बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात नेली होती. अशी डिस्क परक्या कॉम्प्युटरला लावली की त्याला तिच्यातलं काहीच ओळखू येत नाही, तो सरळ विचारतो, ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का? दुकानदाराने वाचून दाखवलं. यालाही वाटलं सरकारी कामासारखं आधी एक शिक्का लागत असेल, म्हणाला, करा. दुकानदाराने केलं. जे मिळवायला तो एवढा आटापिटा करत होता ते त्याने उभ्या उभ्या स्वतः सांगून पुसून घेतलं, आणि वर माझ्यावर ओरडत होता. हसू आवरायला मला ड्रॉवरमध्ये काही तरी शोधल्यासारखं करावं लागलं.

आणि आप्पा, आता नीट ऐका, कारण सगळं पत्र या एका गोष्टीसाठी लिहितेय. त्या क्षणी तुमचं खोटं माझ्यासमोर आयतं येऊन पडलं होतं. ‘हो भाऊ, डिस्क खराबच होती, सगळं गेलं.’ एवढं म्हटलं असतं तर तो पाय आपटत निघून गेला असता आणि प्रकरण मिटलं असतं. उजेड लागला, रोल खराब झाला. शब्द ओठावर आला होता. तुमचा लेक माझ्याकडे आशेने बघत होता, म्हण गं म्हण, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. पण मला ती कोटवाली काउंटरशी उभी दिसली. खराब झालं म्हणायचं म्हणजे काही तरी खराब होतं हे त्याच्यापुढे मान्य करायचं. मी डिस्क उचलली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, “कोरी नव्हती. कुलूप व्हतं तिले. पुसी तुम्हीच टाकी. दुसरी प्रत मन्हा जोडे शे, पन देनार नही.”

नाही म्हणणारे दिराने पाहिले होते, नाहीये म्हणणारेही पाहिले होते. आहे, पण देणार नाही, हे त्याला कुणी बाईने सांगितलं नव्हतं. मग एकेक सुरू झालं. आधी तुमची आण घालून झाली, “आप्पा व्हतात तवय असं नव्हतं.” मी म्हटलं, नव्हतं, आता आहे. मग दुकानावर कुणी फिरकणार नाही म्हणाला. मी म्हटलं, पुरुष नका फिरकू, हळदी बायकाच लावतात. मग आवाज खाली आणून म्हणाला, ताई, त्यात असं काय आहे की एवढं लपवता? मी म्हटलं, “तिले इचारा. तिनं शे ते. मन्हं नही, तुमनं बी नही.” बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे तुमचेच शब्द, पितळी कुलपाच्या दिवशीचे. तुम्ही कडी उपटताना जे म्हणालात त्यावरच मी कुलूप घालून बसले होते. तो गेल्यावर तुमच्या लेकाने न सांगता चहा आणला आणि बराच वेळ ड्रॉवरमधल्या डिस्का सरळ लावत बसला.

भाऊबंद बसले. मला थोरलीनेच सांगितलं. दिराने नाच, टोपी, धोतर, सगळं तोंडाने वर्णन केलं. एका म्हाताऱ्याने म्हटलं, दाखव. दाखवायला काही नव्हतं. तो म्हणाला, फोटोवालीकडे आहे, ती देत नाही. तेवढ्यात चौकटीतून ती चुलत सासू आत आली, जिला कुणी बोलावलं नव्हतं. “हयद मी लावी. मन्हा हातघाई लावी. तिले कसाले इचारतस, माले इचारा,” असं म्हणून ती पुरुषांच्या मध्ये बसली, आणि तिला उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिने जे सांगायचं ते सांगितलं, जेवढं सांगायचं तेवढंच. नक्कल कुणाची केली ते मात्र तिने गिळलं. थोरली आणि तिची मुलगी त्याच घरात आहेत. दीर बोलत नाही. तिच्या शेतात यंदा कापूस बरा आहे.

श्रावणात घरोघर बसते त्या कानबाई देवीच्या विसर्जनानंतर थोरली दुकानात आली, मुलीला मामाकडे सोडून. प्रसादाचा रोट काही आणला नाही, तो भाऊबंदांबाहेर देत नाहीत, आणि तिने ते हसत सांगितलंही. म्हणाली, एकदा बघायचं आहे. मी तिला आतल्या खोलीत नेलं, तुमच्या लाल दिव्याच्या खोलीत. आता तिथे कॉम्प्युटर आहे, पण भिंतीला अजून औषधाचा वास येतो. दार लावलं, घरून आणलेली प्रत लावली, वाक्य टाईप केलं. तिने आवाज बारीक करायला सांगितलं आणि बघत बसली. टोपी घातलेली ती पडद्यावर सासऱ्यासारखी खाकरली तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला. संपल्यावर म्हणाली, परत लाव. मी लावलं. मग मी म्हटलं, पेनड्राइव्हवर कुलूप घालून देते, घेऊन जा. ती नको म्हणाली, “तुन्हा जोडेच ऱ्हाऊ दे.” आणि विचारलं, “तू नही ऱ्हायनी ते कोन उघाडी?” सगळ्या डिस्कांना एकच वाक्य आहे. तोवर ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी उद्या मेले असते तर सगळ्या गावांच्या सगळ्या बायका तुमच्या त्या रोलसारख्या उन्हात गेल्या असत्या. म्हणून मी तिला सांगितलं, कानात, बंद खोलीतसुद्धा. तिने पुटपुटून पाठ केलं, एकदा माझ्याकडून खात्री करून घेतली आणि म्हणाली, हे तर आप्पांच्या बोलण्यासारखंच वाटतं.

तुमचा लेक आता दुकानात बसतो तेव्हा ड्रॉवरची किल्ली मी त्याच्याकडे खुशाल देते. डिस्का नेऊन नेऊन कुठे नेईल. कपाटाची कडी मात्र तशीच लोंबू देणार आहे. तुमच्या निगेटिव्ह बघायला अजून माणसं येतात. कुणाचा बाप, कुणाची आत्या. त्यांना मी बसवते, भिंग देते, तुमच्यासारखीच आत निघून जाते. तेवढं तुमचं चालू आहे. बाकी मी बदललं आणि पुन्हा विचाराल तर पुन्हा बदलेन. त्या कोटवाल्या बाईचं गाव मला माहीत आहे. ती असेल तर म्हातारी झाली असेल. कोट अजून खुंटीला आहे, वाळवीने एक बाही खाल्लीय. तिला बोलावून पुन्हा उभं करावं असं मनात येतं आणि मी जात नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. रनाळ्याच्या उरलेल्या प्रतीवरच ठेवते, त्या हळदीच्या शेजारी, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना कुलूप घालते. तुम्हाला वाचायचं असेल तर परवलीचं वाक्य लागेल. ते मी इथे लिहिणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. फक्त एवढं कबूल करते आप्पा, की ते वाक्य मला शोधत बसावं लागलं नाही. पहिल्यांदा सॉफ्टवेअरने विचारलं, तेव्हा बोटं आपोआप चालली, आणि ऐकू आला तो आवाज तुमचा होता, त्या पितळी कुलपाच्या दिवशीचा.